मडगार्ड काढायचे दिवस

सोयाबीन काढणीला आलं की आमच्या भागातल्या हवेला एक वास सुटतो. वाळल्या पाल्याचा, मळणी यंत्रातून उडणाऱ्या भुसकटाचा आणि त्यात मिसळलेल्या ट्रॅक्टरच्या धुराचा. डोळे चुरचुरतात, अंगाला खाज सुटते. शाळेतली निम्मी पोरं रानात जातात आणि उरलेली निम्मी वर्गात बसून खाजवतात. मी प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे दोन्ही निम्म्यांशी माझा संबंध येतो. पण हा वास आला की मला आठवतं ते मोटरसायकलचं पुढचं मडगार्ड.

काळी माती ज्यांनी फक्त भूगोलाच्या पुस्तकात पाहिली आहे, त्यांना हे जरा सांगावं लागेल. आमचं गाव पोखर्णीच्या अलीकडे, मोठ्या सडकेपासून आत. मृग लागला की गावातल्या मोटरसायकलींची पुढची मडगार्डं निघतात आणि माळ्यावर जाऊन पडतात. दसऱ्याला गाडी धुतली की ती पुन्हा बसतात. कारण सोपं आहे. धो धो पाऊस झाला तर चिखल पातळ होऊन टायरवरून गळून जातो. पण नुसती भुरभुर झाली की माती चिवट होते, चाकाला धरते, मडगार्डच्या पोकळीत ठासून बसते आणि चाक जागच्या जागी आवळलं जातं. बाहेरगावचा माणूस मोठ्या पावसाला भितो, आमच्याकडचा शहाणा माणूस भुरभुरीला भितो. मडगार्ड काढून ठेवलं की चिखल अडकत नाही, फक्त उडतो. इंजिनवर, पँटवर, आरशावर आणि मागं बसलेल्या बाईच्या शाळेच्या साडीवर.

ती बाई मी.

मी मानवतची. माहेरी दारापर्यंत डांबर होतं, त्यामुळं चिखल ही चीज मला लग्नानंतर भेटली. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पहिल्या पावसाळ्यातच म्हणाल्या होत्या, "मानवतच्या पोरीला पायाखाली गालिचा लागतो, माय." सहा वर्षांपूर्वी आमच्या गावापर्यंतची सडक डांबरी झाली, तेव्हा मला वाटलं, आता आपले दिवस आले. मृगाच्या सुमाराला दत्तराव, म्हणजे माझे यजमान, हातात पाना घेऊन मडगार्ड खोलायला बसले, तेव्हा मी म्हटलं, "यंदा राहू द्या की. सडक झाली ना आता. साड्या धुऊन धुऊन हात गेले माझे."

"सडक डांबरी झाली. रान न्हाई झालं," ते म्हणाले.

मी तोंड पाडलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पाना खिशात घातला आणि म्हणाले, "बरं बाई. ऱ्हाऊ दे."

हे एवढंच घडलं. यात भांडण नव्हतं, हट्टही म्हणण्यासारखा नव्हता. पण त्या "बरं बाई" ची सल माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

दत्तरावांची आणि त्या लाल गाडीची ओळख माझ्या आधीची. लग्नाच्या दोन वर्षं आधी ती घरात आली. नवी गाडी पहिल्यांदा पोखर्णीच्या नृसिंहाला नेली, चाकाखाली लिंबू चिरडलं आणि तिथून पुढं ती गाडी दुसऱ्या कुणाच्या हातात म्हणून गेली नाही. चुलतभावानं एकदा सोयरीक बघायला जायचं म्हणून मागितली, तर यांचं उत्तर, "बायकूला चार दिस माहेरी धाडतो पायजे तर. गाडी न्हाई." हे वाक्य गावात इतकं फिरलं की मी पाणवठ्यावर गेले तरी बाया विचारायच्या, "काय बाई, गाडी बरी हाय ना?" उन्हात उभी करायची नाही, म्हणून कडुनिंबाची सावली सरकेल तशी गाडी सरकायची. सीटवर आत्याबाईंनी शिवलेली वाकळ. चालू करायची एक खास रीत: किक आधी अर्धी दाबायची, जरा थांबायचं, आणि मग एकदाच पूर्ण. किकच्या दांड्यावरचं रबर त्यांच्या पायानं घासून एका बाजूनं सपाट झालं होतं, त्यावरच्या रेघा कधीच्या गेल्या होत्या.

मला तेव्हा या सगळ्याचं हसू यायचं. यंत्रावर कुणी इतकी माया करावी का, असं मी त्यांना तोंडावर विचारायची. ते म्हणायचे, "यंत्र तुला. मला गाडी हाय."

आषाढात कोळपणी चालली होती. त्या दिवशी सकाळपासून नुसती भुरभुर. सडकेवरून रानाकडे जाणारी आमची पाणंद दीड किलोमीटरची, दोन्ही बाजूंनी बाभळी आणि मध्ये काळी माती. मडगार्ड असताना असल्या पावसात गाडी पाणंदीत घालायची नाही, हे शेंबडं पोरही सांगेल, त्यांना तर पाठ होतं. पण मडगार्ड काढलेलं असायचं तेव्हा असल्या वाटेनं ते निघून जायचे, आणि वीस वर्षांची सवय डोक्यात असते, मडगार्ड नसतं. मधोमध गेल्यावर पुढचं चाक आवळलं. गाडी उजव्या अंगावर पडली आणि तिच्याखाली उजवा गुडघा. शेजारच्या रानातली माणसं धावली तर हे म्हणतात, "आधी गाडी उबी करा, पेट्रोल सांडायलंय." हे वाक्यही गावात फिरलं, पण त्यावर कुणी हसलं नाही.

परभणीला ऑपरेशन झालं, गुडघ्यात स्टीलच्या पट्ट्या बसल्या, पाय प्लास्टरमध्ये गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी एकटी पाणंदीत गेले. गाडी बाभळीला टेकून उभी होती. मडगार्डमध्ये माती अशी गच्च बसली होती की बोट शिरत नव्हतं. सीटखाली दत्तराव एक छोटं खुरपं ठेवत, ते मी काढलं आणि चिखलात बसून माती उकरायला लागले. वाळत आलेली काळी माती लवकर निघत नाही. मी उकरत होते आणि मोठ्यानं रडत होते. आजूबाजूला कुणी नव्हतं ते बरं झालं.

दवाखान्यातून ते घरी आल्यावर मी म्हटलं, "मी हट्ट केला नसता तर..."

"गाडी चिखलात म्या घातली," ते म्हणाले. "मडगारनं न्हाई घातली." आणि भिंतीकडे तोंड करून पडले. विषय संपला, असं त्यांना वाटलं.

पुढं रोजचा प्रश्न उभा राहिला. माझी शाळा नऊ किलोमीटरवर, एसटी आली तर येणार. पोरगी शिकायला नांदेडला. घरात दोन म्हशी, रानात सोयाबीन, आणि आत्याबाईंचं वय. आठ-दहा दिवस मी कुणाकुणाच्या मागं बसून शाळेत गेले. आज दूधवाल्याच्या कॅनांमध्ये अंग चोरून, उद्या कुणाच्या खताच्या पोत्यावर. प्रत्येक जण वाटेत पायाची चौकशी करायचा आणि प्रत्येकाला मी तेच सांगायची. अकराव्या दिवशी मी ओसरीत येऊन म्हटलं, "मला गाडी शिकवा."

दत्तराव बाजेवर होते, पाय उशीवर. ते हसले नाहीत. कडुनिंबाखालच्या गाडीकडे त्यांनी पाहिलं. मग म्हणाले, "डबल स्टँडवर घे. मागचं चाक वर ऱ्हाईल असं."

असं माझं शिक्षण अंगणात, एका जागी उभ्या गाडीवर झालं. मागचं चाक अधांतरी फिरतंय, कोंबड्या पळतायत आणि मी पहिल्यापासून चौथ्या गेअरपर्यंत जाऊन परत येतेय. जागेवरून वीतभर न हलता त्या आठवड्यात मी परभणीला चार खेपा केल्या असतील. बाजेवरून मास्तर ओरडायचा.

"आगं हळू सोड! क्लच हाय, विंचू न्हाई, झटकायलीस काय असं?"

"सोडलाय हळू."

"कानानं ऐकायलोय म्या. कण्हायली गाडी."

आत्याबाई तांदूळ निवडत बसायच्या. त्या मध्येच म्हणायच्या, "आरं, तिला कशाला बोलायलास? म्हस बी नव्या हाताला लगीच पान्हा सोडत न्हाई."

किकनं मात्र माझा जीव घेतला. माझा पाय त्या सपाट रबरावरून हमखास निसटायचा आणि किक उलटी येऊन नडगीवर बसायची. दोन ठिकाणी कातडी गेली. फाट्यावर मुनीरभाईंचं गॅरेज आहे. पहिल्यांदा गाडी तिथपर्यंत नेली तेव्हा त्यांना म्हटलं, एवढं रबर बदलून द्या. ते खाली वाकले, रबरावर अंगठा फिरवला आणि उभे राहिले. "भाभी, दो मिन्टं का काम है. लेकिन दत्तूभाई कू पूछके आव."

घरी येऊन विचारलं. दत्तराव एकदम म्हणाले, "ते न्हाई बदलायचं." आवाज असा होता की मी पुन्हा विचारलं नाही. बाजारातून कॅनव्हासचे बूट आणले आणि साडीखाली ते घालून शाळेत जायला लागले.

तो पावसाळा मला दिवसांनी आठवत नाही, आवाजांनी आठवतो. ओल्या डांबरावर टायरचा चरचर आवाज, ओढ्याच्या पुलावर बदलणारा इंजिनाचा सूर, हेल्मेटच्या काचेवर आपटणारी पाखरं. गणपतीच्या सुमारास मला न बघता कळायला लागलं की चेन सैल झालीय की नुसती कोरडी पडलीय. पेट्रोल संपत आलं की गाडी एक आचका देते आणि हात आपोआप खाली रिझर्व्हच्या कॉककडे जातो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पाणंदीच्या तोंडाशी गाडी लावून मी रानात चालत जायची आणि परत येऊन टाकीला हात लावायची. ऊन असो नसो, ती कोमट असायची. एकदा तर मी तिला "चल बाई, उशीर झाला" असं मोठ्यानं म्हणाले आणि मग इकडंतिकडं पाहिलं. यंत्र म्हणून हसणारी ती मीच.

आणि घरी एक माणूस नुसता ऐकत पडलेला असायचा. मी वेशीतून आत वळले की तिथून दाराशी येईपर्यंतचा सगळा हिशेब त्यांच्या कानात व्हायचा. "मारुतीपाशी तिसऱ्यातच वळलीस. दुसरा टाकायचा." "आज मागं कोण बसलं होतं? वजन होतं." मला आधी राग यायचा. नंतर कळलं की दिवसभर ते या पाच मिनिटांची वाट बघतात. मग मीच वेशीपासून जरा सावकाश यायला लागले.

आमच्या गल्लीतली चार घरं दसरा झाला की ऊसतोडीला जातात. पाच-सहा महिने घराला कुलूप. जाताना माणसं भांडी शेजाऱ्याकडे ठेवत नाहीत, म्हातारा-म्हातारी ठेवतात आणि मोटरसायकल. पोत्यानं झाकून, टाकीवर जुनी शाल घालून. कारखान्यावरून फोन येतो, तेव्हा आधी आईची तब्येत आणि मग, "गाडी आठ दिसाला चालू करून ठिवा बरं का." एका घरची गाडी आमच्याकडे असते. दत्तराव रविवारी ती चालू करायचे आणि मालकाला फोनवर तिचा आवाज ऐकवायचे. तिकडून तो म्हणायचा, "व्हय व्हय, तीच." पलीकडे उसाच्या फडात कोयता खाली ठेवून कुणी तो आवाज ऐकतंय, हे मला त्या पावसाळ्याआधी कधी दिसलंच नव्हतं.

भादव्यात प्लास्टर निघालं. दवाखान्यात आम्ही ऑटोनं गेलो. मी म्हटलं होतं गाडीवर नेते, पण त्यांनी ऑटोच सांगितला. डॉक्टरांनी गुडघा वाकवून पाहिला आणि हातानं दाखवलं, एवढाच वाकेल. व्यायाम करा, चालाल चांगलं, पण एवढाच. तो कोन मी वर्गात कंपासपेटीतून शिकवते, त्यामुळे मला लगेच कळलं. किक मारायला पाय जेवढा वर घ्यावा लागतो, तेवढा तो येणार नव्हता. ऑटो पिंगळी गावावरून परत आला. सगळी वाट ते बाहेर बघत होते.

त्याच संध्याकाळी चुलीपाशी बसल्या बसल्या मला खिडकीतून ते दिसले. काठी टेकत कडुनिंबाखाली गेले. हँडलला धरलं. उजवा पाय उचलला. किकच्या दांड्याच्या खालीच तो अडला. हातानं मांडी धरून पुन्हा उचलून पाहिला. मी तिथून हलले आणि परातीत तांब्या आपटला, पाणी ओतलं, म्हशीला उगाच हाक मारली. कुणी बघत नाही असं त्यांना वाटावं म्हणून. आत येऊन त्यांनी चहा मागितला. मी दिला. दोघंही म्हशीच्या दुधाबद्दल बोललो.

आता ते चालू शकत होते, पण घराबाहेर पडेनात. माझ्या मागं बसायचं तर पाय टाकून बसता येईना, गुडघा आडवा यायचा. बसायचं तर एका बाजूला दोन्ही पाय सोडून, आमच्याकडे बाया बसतात तसं. मी एकदाच सुचवलं. "बायांवानी बसू का आता?" ते म्हणाले. बाजार मी करायची, रानही मीच बघायची. गडी माणूस ओसरीत बसून मला गेअर सांगायचा. खरं सांगते, मला त्यांची कीव येत नव्हती, भीती वाटत होती. आमच्या गल्लीत असा ओसरीत बसलेला एक माणूस पुन्हा कधी उठलाच नाही, हे मी पाहिलं होतं.

मग दसरा आला. आमच्या गावात दसऱ्याला पुजलेली प्रत्येक गाडी शिवेपलीकडं नेऊन आणावी लागते. बैलगाड्या होत्या तेव्हा बैलगाड्या, आता ट्रॅक्टर आणि मोटरसायकली. गाडी शिव ओलांडून आली नाही तर वर्षभर कुरकुरते, असं म्हणतात. दत्तरावांनी गाडी धुतली, काठी भिंतीला टेकवून, एका पायावर जोर देत. अपघातानंतर मडगार्ड निघालेलं होतंच, ते बसवलं. झेंडूचा हार घातला. तिसऱ्या प्रहरी गल्लीतून एकेक गाडी निघायला लागली. मी नऊवारी नेसून, खाली कॅनव्हासचे बूट घालून अंगणात उभी. गाडी चालू झाली. ते दारात.

"जा तू," ते म्हणाले. "आपट्याची पानं घिऊन ये."

आत्याबाई ओसरीतून उठल्या. त्यांच्या हातात सीटवरची वाकळ होती, धुऊन वाळवलेली. ती त्यांनी सीटवर घातली, नीट केली आणि लेकाकडे वळल्या. "बस की रं. म्या न्हाई बसले का तुझ्या मागं एका अंगानं इतकी वर्सं? पडले का? का लाज गेली माझी?"

ते तसेच उभे. गाडी माझ्या हाताखाली थरथरत होती आणि मी मागं बघत नव्हते. मग सीट दबली. गाडीवर वजन आल्याचं मला कळलं. त्यांचा ताठ पाय बाजूला काठीसारखा निघाला होता. हात कुठं ठेवावा हे त्यांना कळेना.

"खांद्याला धरा," मी म्हटलं.

गल्लीत बाया ओट्यावर उभ्या होत्या. मारुतीच्या पारावर किसनतात्या बसलेले. गावातल्या कुठल्याही माणसाची टोपी उडवायची त्यांना जुनी सवय. ते ओरडले, "दत्तराव, पदर सांभाळा बरं, चाकात जाईल!"

पारावरचे सगळे हसले. माझ्या खांद्यावरची बोटं रुतली. मला वाटलं, आता हे उतरणार, आणि उतरले तर संपलं. मी ब्रेकवर पाय ठेवलासुद्धा.

कानाशी आवाज आला, "दुसरा टाक."

मी दुसरा टाकला आणि मारुतीला वळसा घातला.

शिव ओलांडून आम्ही परत आलो. सोनं लुटलं. पुढच्या आठवड्यात ते माझ्या मागं बसून मानवतच्या बाजारात आले, नंतर पोखर्णीला. किसनतात्यांनी आणखी दोन-तीनदा गंमत केली आणि मग त्यांना दुसरं गिऱ्हाईक मिळालं. आत्याबाई मागच्या साली गेल्या. वाकळ अजून सीटवर आहे, विटलेली. दर मृगात मडगार्ड आता मीच खोलते. दहा नंबरचा पाना माझ्या पर्समध्ये खडूंच्या डबीशेजारी असतो. दत्तराव अजूनही कानाशी गेअर सांगतात. किकचं रबर तेच होतं, सपाट. सहा वर्षं मी बूट घालून काढली, कारण "ते न्हाई बदलायचं" हा शब्द मी मोडणार नव्हते.

परवा शाळेत निघताना किक मारली तर पाय अडला. घसरलाच नाही. वाकून पाहिलं तर दांड्यावर नवं, काळं कुळकुळीत रबर, उभ्या रेघांचं. दत्तराव म्हशीला पेंड घालत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"पावसात पाय सटकायलाय तुझा," ते म्हणाले. "कवापसून ऐकायलोय."

जुनं कुठं टाकलं ते मी विचारलं नाही.

काल खंडेनवमी. आमच्याकडे घरातली सगळी हत्यारं धुऊन देवापुढं मांडतात आणि त्यांची पूजा करतात. मांडणी दत्तराव करतात, हळदीकुंकू मी वाहते. पाटावर ओळीनं विळा, खुरपं, कुऱ्हाड, कोळप्याची पास म्हणजे त्याचं पातं, माझी फूटपट्टी आणि खडूची पेटी होती. शेवटी, पान्याच्या शेजारी, ते जुनं रबर. घासून पुसून ठेवलेलं.

मी त्यावर हळद वाहिली, कुंकू वाहिलं. एका बाजूनं सपाट होतं, म्हणून कुंकू नीट बसलं.